लाल रेघेचे टायर

वायनडॉट, मिशिगन
२ जुलै २०१४

चि. लॉरेन हिला,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. हवे असतील तर ठेव, नको असतील तर याच पाकिटात घालून परत पाठव.

आम्ही इकडे ठीक. तुझ्या पेगीवहिनीच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे आणि माझी पेगीबद्दलची. टोमॅटो यंदा बरे धरलेत. शेजारच्या डिकने पुन्हा आमच्या बाजूचं हातभर गवत कापून जन्माचे उपकार केल्यासारखा चेहरा केला. तुमच्या टोलीडोत काय चाललंय? सहा वर्षांत विचारायचं राहून गेलं, म्हणून आता विचारतो.

पत्राचं कारण टायर. दुसरं काही नाही.

बाबांच्या पोंटियाकचे टायर संपले. अडुसष्ट सालच्या जीटीओला काय शोभतं ते तुला सांगायला नको: काळाभोर टायर आणि त्याच्या अंगावर सगळीकडून फिरलेली बारीक लाल रेघ. बाबा दर शनिवारी दात घासायच्या ब्रशने ती रेघ घासायचे, आणि एकदा तो ब्रश तुझा निघाला होता, आठवतं? आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतंस.

पण हल्ली असा टायर मिळवणं म्हणजे मुलीला स्थळ शोधण्यासारखं झालंय. दुकानातला माणूस आधी कम्प्युटरकडे बघतो, मग माझ्याकडे. म्हणतो, "काका, या मापाची गाडी आता कोण चालवतं?" मी म्हटलं, "तुझ्यासमोर उभा आहे तो."

मग कुणीतरी इंडियानातल्या ऑर्व्हिल नावाच्या म्हाताऱ्याचा पत्ता दिला. त्याच्या गोठ्यात म्हणे त्या काळचे कोरे टायर आहेत. पेगीने गाडी हाकली (तिची, छोटी), मी नकाशा धरला, दोनदा चुकलो, एकदा भांडलो, पोचलो. ऑर्व्हिलने टायर गोधड्यांत गुंडाळून ठेवले होते. मी विचारलं, "विकणार का?" तर म्हणाला, "आधी गाडीचा फोटो दाखवा." बराच वेळ फोटो बघितला. "गाडी चांगली आहे. घराणं?" म्हटलं, गोर्स्की, वडील कारखान्यात होते, याच गाड्या जुळवायचे. तेव्हा कुठे त्याने गोधडी उघडली. मी अंगठा दाबला. दगड! बाजूला भेगा. "हे रस्त्यावर चालतील?" म्हटलं, तर त्यालाच राग आला. "चालायला कुणी सांगितलंय? बघायचे आहेत."

शेवटी दक्षिणेकडच्या एका कारखान्याचा फोन नंबर मिळाला. ते जुन्या रूपाचे टायर नव्याने करतात, लाल रेघेसकट. फोनवरची बाई गोड बोलली. "बाहेरून आमचे सगळेच जुने दिसतात, साहेब. आतून कसे हवेत?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहायची गरज नाही. टायर आले, बसवून झाले. जुने गाडीला उजवीकडे ओढत होते, ती कटकट संपली.

तर सत्तावीस तारखेच्या रविवारी नेहमीप्रमाणे चर्चच्या अंगणात गाड्यांना आशीर्वाद आहे आणि मग प्रदर्शन. पेगीला वाटतं, तू यावंस. मला काय, आलीस तरी ठीक. सहा वर्षांपूर्वी त्या अंगणात काय झालं ते मी उगाळत बसत नाही. गाडी न्यायची तुझी पाळी होती तेव्हा तू बाबांच्या गाडीला आजच्या घडणीचे रेडियल टायर बसवलेस. मी परीक्षक, म्हणून मी गुण कापले. भोंग्यावर "हा बाबांचा अपमान आहे" असंही म्हणालो. मग तू किल्ली बटाट्याच्या सॅलडमध्ये फेकलीस आणि चालत बसस्टॉपवर गेलीस. नंतर मी पुन्हा जुन्या घडणीचे टायर चढवले. उगाळत नाही म्हटलं ना.

तुझा भाऊ,
चेस्टर

---

११ जुलै

लॉरेन,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी उत्तर पाठवलंस तेही मागे टोलीडोच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याचं चित्र असलेलं. पेगी म्हणते, योगायोग आहे. मला तसं वाटत नाही.

"टायर मिळाले, छान झालं, आता त्यांच्याशीच गप्पा मार. आणि गाडी उजवीकडे ओढते म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं." हे वाचून मी कार्ड केराच्या टोपलीत टाकलं. पेगीने काढून फ्रिजवर लावलं. आता दूध घ्यायला गेलो की पाणघोडा बघतो.

तुला राग आला तरी चालेल, पण गाडी ओढत होतीच. मे महिन्यात मदर्स डेला आम्ही दोघं पोंटियाक घेऊन प्रार्थनेला निघालो. फोर्ट स्ट्रीटवर उजवा हात गिअरवर, स्टिअरिंग डाव्याच्या भरवशावर, आणि गाडी आपली निघाली उजवीकडे. फुटपाथवर चढली आणि डोनटच्या दुकानाच्या दारात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. पोरगी काउंटरवरून ओरडली, "आजोबा, गाडीतून ऑर्डर घ्यायची खिडकी मागच्या बाजूला आहे!" मी खाली उतरलो, टायरला लाथ घातली, आणि उतरलोच आहे तर म्हणून सहा डोनट घेतले. घरी येईपर्यंत जुन्या घडणीच्या टायरांना शिव्या देत होतो: रस्त्यावरची प्रत्येक चरी यांना आपली वाटते, सरळ म्हणून चालत नाहीत. मी. जुन्या टायरांना. तू ऐकायला हवं होतंस.

घरी पेगीने कॉफी दिली. कप माझ्या डाव्या हातातून तिरका झाला आणि सगळी कॉफी मांडीवर. पेगी फडकं घेऊन आली. मग हळूच म्हणाली, "चेस, कपाला कुठले टायर आहेत?"

मी स्वतःहून म्हटलं, दवाखान्यात चल. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

दवाखान्यात म्हणाले, डोक्यात छोटा झटका येऊन गेलाय. छोटा, हे त्यांनीच म्हटलं, मी नाही. डावा हात अजून धड ऐकत नाही. व्यायाम देतात, रबराचा चेंडू दाबायचा. डॉक्टर बाई दिसायला शाळेतल्या पोरीसारखी, पण तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मिस्टर गोर्स्की, यंदा गाडी चालवायची नाही." मी विचारलं, "पुढच्या वर्षी?" ती म्हणाली, "चेंडू दाबा."

हे तुला कळवायचं नव्हतं. पेगीलाही शपथ घातली होती. पण पाणघोडा बघून बघून माणूस काय काय बोलून जातो.

आता अडचण अशी. बाबांनी गाडी घेतली तेव्हापासून एकही आशीर्वाद चुकलेला नाही, आणि चर्चच्या अंगणात ती दरवर्षी गोर्स्कीच घेऊन गेलाय. बाबांचा हात मोडला त्या वर्षी तूच नेली होतीस, झग्याखाली बूट घालून, आणि अंगणातले सगळे पुरुष तुझा गिअर ऐकून गप्प झाले होते. पेगीला गिअरची गाडी येत नाही. डिक म्हणाला, "मी नेतो की." बाबांच्या सीटवर डिक! मी त्याला लिंबू सरबत पाजून घरी पाठवला. फादर मारेक म्हणाले, "मी तुमच्या गॅरेजमध्ये येऊन आशीर्वाद देतो, आजारी माणसाला देतो तसा." मी म्हटलं, "फादर, गाडी आजारी नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे, चेस्टर." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. असला राग आला मला.

यंदा ती गॅरेजमधून निघाली नाही, तर मला वाटतं पुन्हा निघणार नाही. मग ती आणि मी, दोघंही तिथेच. मी विनवण्या करत नाहीये. मी फक्त तारीख पुन्हा लिहितो: सत्तावीस, रविवार, दहाची प्रार्थना संपल्यावर.

चेस्टर

ता. क. कॉफीचा डाग निघाला. तू विचारलं नसतानाही पेगीने लिहायला सांगितलंय.

---

१९ जुलै

लॉरेन, माझे बाई,

या खेपेला पाणघोड्याऐवजी साधा कागद होता, तेव्हाच मी समजलो. वाचून पेगी रडली. मीही परसात जाऊन टोमॅटोला पाणी घालून आलो. पाऊस पडत होता तरी.

"येते. हात कसा आहे ते आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा? पण एक सांगून ठेवते, त्या जुन्या घडणीच्या बैलगाडीच्या चाकांवर मी बसणार नाही. तेव्हा म्हटलं होतं, आताही म्हणते. टायर बदल, नाहीतर डिकला बसव." असं तू लिहिलंयस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. आपल्या घराण्यात तो दोघांनाही सारखा वाटून आलाय.

तेव्हा आता त्या फोनवरच्या बाईचं सांगतो. "आतून कसे हवेत?" असं तिने विचारलं. मी खुर्चीत बसलो. मी, वायनडॉटच्या प्रदर्शनाचा टायरचा परीक्षक. लोकांच्या गाड्यांखाली टॉर्च घेऊन उताणा पडणारा. ज्याने मिल्टनची गाडी टायरवरच्या एका अक्षरावरून मागे टाकली आणि मिल्टन अजून माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो, तो मी. मी तिला म्हटलं, "आतून रेडियल."

ती म्हणाली, "काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

लॉरेन, मला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. पेगीने स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवल्या.

तुला पहिलं पत्र टाकायच्या आधीच ते गाडीला बसलेले होते. मी ते माझ्यासाठी घेतले नाहीत, मला आता कुठे जायचंय? चालवणार कोण हे मला फोन करतानाच ठाऊक होतं. फक्त तुला कसं बोलवायचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून टायरचं पुराण लावलं. तुझी आठवण येते. दर शनिवारी येते, ती लाल रेघ घासताना. घे, लिहिलं एकदाचं.

बाजूला त्यांनी 'रेडियल' हा शब्द उठवलाय, बारीक, लाल रेघेच्या खाली. तो घासून काढावा म्हणून मी पेगीची नखं घासायची कानस घेऊन गाडीपाशी बसलो होतो. चालकाच्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी. डाव्या हाताने टायर धरवेना, कानस सारखी निसटे. पेगी दारात येऊन म्हणाली, "वरून घासून आतलं थोडंच बदलणार आहे?" मी कानस तिला परत दिली. शब्द तिथेच आहे. दार उघडलंस की तुझ्या पायाशी दिसेल.

गुण कापले जातील. नियम मीच लिहिलाय, तेव्हा कापणारही मीच. भोंगाही माझ्याच हातात असणार आहे, उजव्या हातात, तो अजून ठीक आहे. त्यावर यंदा काय बोलायचं ते मी पाठ करतोय. पेगीने ऐकून एक वाक्य गाळायला लावलं, बाकीचं मंजूर आहे. मिल्टनलाही पुढे बसायला सांगितलंय. आणि बटाट्याचं सॅलड या वेळी अगदी शेवटच्या टेबलावर असेल.

शनिवारी रात्रीच ये. पेगी सारण भरून पिएरोगी उकडतेय, कांदा जास्त घालून, तुला आवडतात तसे. तुझी खोली रंगवली नाही, आहे तशीच आहे.

किल्ली पाकिटात घातली आहे. त्या दिवशी सॅलडमधून काढून घरी आणली तेव्हाच तिच्यासारखी दुसरी करून घ्यायला हवी होती, पण केली नाही. गाडीची किल्ली एकच बरी, ती घेऊन तरी माणूस येतं. धुतलेली आहे, तरी वास घेऊन बघ. पेगीला अजून मोहरीचा येतो.

शेजारच्या सीटवर बसून, घरापासून चर्चपर्यंत एकही शब्द न बोलण्याची तयारी करत असलेला,
तुझा
चेस