भ्यालेलं मांस

३ डिसेंबर

— आणि वर तोंड करून मलाच म्हणतो, पोरीची ही दशा तूच केलीस! नवरा म्हणे! वीस वर्षं अख्ख्या गावाची डुकरं मी कापते, हा मित्यो नुसता शेपटी धरून रकीयाची दारू ढोसतो. पोरीला, झ्द्रावकाला, भीती उतरवणाऱ्या गेना आज्जीकडं तीनदा कोण घेऊन गेलं? मी! पोरीची छाती फुटेल अशी धडधडायची, बसमध्ये पाय ठेवायची नाही. म्हातारीनं तिच्या डोक्यावर चादर धरली, गार पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं — फस्स! "बघ, कुत्र्याचा आकार आला. कुत्र्याला भ्यालीय." तिसऱ्या शिशानंतर सगळं थांबलं. पोरगी गप झाली. मी खुशीनं म्हातारीला कोंबडा दिला.

आता दोन महिने झाले. एकोणीस वर्षांची घोडी पलंगावरून उठत नाही. भीती गेली आणि आळस आला!

५ डिसेंबर

मारलं आज. केस धरून खाली ओढलं, बादलीभर गार पाणी ओतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणते, "मार आई. मला काही लागतच नाही." मग अजून दोन ठेवून दिल्या. माझाच हात सुजलाय.

९ डिसेंबर

शहरात डॉक्टरीणबाईकडं नेलं. चिमणीएवढी बाई. म्हणे, भीती गेली नाही, तीच दमून आडवी झालीय. धोका नसताना अंग महिनोन्‌महिने धोक्याची बोंब मारत राहिलं, रक्तात भीतीचा रस उतरत राहिला, की मेंदू थकतो. मग कशात जीव लागत नाही. दोन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली, म्हणून पुष्कळदा गोळीही एकच.

"एका गोळीत दोन रोग? मला येडी समजलात?"

हसली नाही. "हे घराण्यातूनही येतं. अजून कुणाला होतं?"

"कुणाला नाही! आमच्यात सगळे बैलासारखे."

"तरी घरी विचारा. सोमवारी या."

गोळ्या कपाटात टाकल्या.

१० डिसेंबर

उठली नाही. जेवली नाही.

११ डिसेंबर

आमचं डुक्कर कापलं. मित्योच्या हातून दोर सुटला — सकाळीच ढोसलेली! डुक्कर अर्धा तास अंगणभर धावलं, किंचाळलं, फाटकावर डोकं आपटून रक्तबंबाळ झालं. मग एकदम बसलं. सुरी घेऊन जवळ गेले तर मानसुद्धा वळवली नाही. मित्यो म्हणतो, "बघ, शांत झालं बिचारं!"

शांत! गळा चिरला, कोपरापर्यंत रक्तात न्हाले. आतलं मांस पांढुरकं, पाणी सुटलेलं. भ्यालेलं मांस. मारायच्या आधी जनावर पळवायचं नाही, भीती आत उतरते — हे तर मी लोकांना शिकवते!

तिथंच उभी राहिले, सुरी हातात. पोरगी शांत झाली म्हणून मी कोंबडा दिला होता.

१२ डिसेंबर

पहिली गोळी दिली. तोंड दाबून नाही. सांगून.

१३ डिसेंबर

माझी लहान सुरी सापडेना. झ्द्रावकाच्या उशीखाली निघाली. मारलं नाही. विचारलं, "कधीपासून?"

"डुक्कर कापलंस तेव्हापासून. ते तरी सुटलं गं, आई."

घरातल्या सगळ्या सुऱ्या शेजारणीकडं नेऊन ठेवल्या. तिच्याजवळच बसलेय.

१४ डिसेंबर

मित्योला पोरीजवळ बसवलं, शुद्धीत आहे आज. माझ्या बाबाकडं गेले. "आई कशानं गेली?" म्हातारा चुलीकडं बघत म्हणाला, "काळीज बंद पडून. किती वेळा सांगू?"

"मग विहिरीवर फळ्या का ठोकल्यास? मी आठ वर्षांची होते, आंधळी नव्हते. कणीक मळताना तिचे हात कापायचे. मग ती आडवी झाली. मग विहीर बंद झाली. माझेही हात कापतात, बाबा! सुरी धरली की थांबतात, म्हणून कापते वीस वर्षं."

म्हातारा चुलीत लाकूड सारत राहिला.

"सोमवारी मला डॉक्टरीणबाईला सांगायचंय. उद्या रविवार, दिवस मावळायच्या आत खरं बोल. नाहीतर फळ्या मी उखडते."