गंधकाची रेघ

२३ सप्टेंबर १९९८

पडली! रेघ पडली! चकती डबीवर आदळली आणि पडद्यावरची रेघ सरळ खाली. म्हणजे आतल्या गंधकातून वीज वाहिली! एरवी विजेला अजिबात दाद न देणारं गंधक — पण धक्क्यानं दाबलं की धातूसारखं वागतं. वर्षभर मी दुसरं काय सांगतेय? सर नुसतं "हं" म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

२८ सप्टेंबर

पुन्हा तेच. आता म्हणा योगायोग!

१ ऑक्टोबर, दसरा

आईनं मळ्यातला टोपलीभर झेंडू आणला. आमच्या तोफेला माळ घातली. तोफ कसली, कोंडलेल्या वायूनं चकती फेकणारी लांबलचक नळी. पण सगळे तोफच म्हणतात.

"आन् त्या डबीचं काय व्हतं गं?"

"चुरा."

"मंग तुला कळतं कसं?"

"चुरा व्हायच्या आत तारा सांगतात."

"लय घाईचं काम हाय बाई!"

हसू आलं, पण खरंय. एक डबी जुळवायला आठवडा जातो, आणि पापणी लवायच्या आत खेळ खलास. तरी मला हेच आवडतं.

सरांनी आईसमोरच सांगितलं — पेपरवर पहिलं नाव मंजुषाचं. आईनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं. तोफेआड जाऊन डोळे पुसले.

५ ऑक्टोबर

शेजारच्या टेबलावरच्या साईनं डोकं उठवलंय. "ताई, एकदा गंधक न घालता डबी उडवून बघू ना." म्हणे, गंधक बसवायला आपण इपॉक्सीची चिकट राळ ओततो, धक्क्यात तीच वीज नेत असेल तर? इपॉक्सी! अहो, वीज अडवायलाच वापरतात ती!

"गंधकाबद्दलही लोक तेच म्हणायचे," म्हणाला. आगाऊ!

डबी सातपूरहून करून आणायची, आठवडाभर तारा लावत बसायचं, आणि गंधकाशिवाय फोडायची? सरांचा तर दंडकच आहे — तोफ रिकामी उडवायची नाही. आणि डबी एकच उरलीय, तारा लावून झालेली, फक्त गंधक भरायचं बाकी.

७ ऑक्टोबर

सर मुंबईला गेले. परवा सकाळी परिषदेत आमचा पेपर वाचतील. निघताना माझ्या पाठीवर थाप!

साई गप्प आहे, पण त्याचं ते बघणं! ठरलं. उद्या शेवटची डबी नुसती इपॉक्सी भरून उडवते. सरांना मागाहून सांगेन. रेघ तसूभर हलणार नाही. मिसळीची पैज लावलीय. दोन प्लेट खाणार मी!

८ ऑक्टोबर

गंधक नव्हतं. रेघ पडली. तशीच, तेवढीच.

साई हसला नाही. "सरांना मी फोन करू का?" म्हणाला.

नको म्हटलं. एसटीडी बूथवर मीच निघालेय. पहिलं नाव माझं आहे.