शेवटच्या सत्रातलं नाव

कोत्का, ३ ऑक्टोबर १९९३

ती. बाबांस,
यार्कोचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो, खोली मिळाली आणि पहिल्याच गुरुवारी रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूपही मिळालं, तेव्हा काळजी नसावी. घर लेंपी मावशींचं आहे. त्यांचे यजमान बंदरात कामाला होते. ते गेल्यापासून मावशी आइस हॉकी क्लबच्या मुलांना ठेवून घेतात. मागचा मुलगा न्याहारीला सहा अंडी खायचा असं त्या मला रोज ऐकवतात, आणि मी दोनच खातो म्हणून तोंड वाकडं करतात. गावाला कागदाच्या गिरणीचा वास येतो. आठवड्यात सवय होते असं सगळे म्हणतात. मला अजून झालेली नाही.

बातमी अशी की मी ज्युनियर संघात आहे, पण मोठ्या संघातला एक बचावपटू जायबंदी झालाय म्हणून मला त्यांच्याही बाकावर बसवतात. बसवतात म्हणजे खरोखर बसवतात. मधूनच कधीतरी बर्फावर सोडतात आणि घाम यायच्या आत परत बोलावतात. प्रशिक्षक रौतिओ तुम्हाला आवडतील, कारण ते बोलतच नाहीत. बोलले ते एवढंच, की गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांनी घ्यावं आणि बचाव करणाऱ्याचं कुणालाच घ्यावं लागू नये. फेब्रुवारीत एकाच मुलाला मोठ्या संघाचा करार देणार आहेत. मी आहे आणि तेरो नावाचा इथलाच एक आहे. त्याचे आईवडील प्रत्येक सामन्याला काचेमागे उभे असतात.

माझं बोलणं ऐकून मुलं हसतात. मग मी मुद्दाम आणखीनच आपल्याकडचं बोलतो. एकंदरीत मजेत आहे. फोन करू नका, पत्रच लिहा. फोनवर आपण दोघे गप्प बसतो आणि बिल वाढत राहतं.

मुस्तीला माझ्या वतीने थोपटा. लोभ आहेच, तो उन्हाळ्यापर्यंत पुरवावा, आणि सॉसेजखेरीजही काही खावं.

तुमचा
यार्को

*

पिर्तिवारा, १६ ऑक्टोबर १९९३

चि. यार्को यास,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या जेवणात लक्ष घालू नकोस, परवा मी बटाटेसुद्धा उकडले होते. मंगळवारी पहिला बर्फ पडला. बर्फ काढायची गाडी बाहेर काढली तर मागच्या चाकाशी उंदरांनी संसार थाटलेला. मुस्तीला हुसकावायला सांगितलं तर ती त्यांच्याकडे पाहून शेपूट हलवत बसली. म्हातारी झाली, किंवा तिलाही सोबत हवी असेल.

गुरुवारी आणि शनिवारी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसतो. तुला ठाऊक आहे त्यांची पद्धत. सगळीकडचे सामने एकदम चालू असतात, आणि जिथे गोल होतो तिथे निवेदक पळतात. शेवटच्या सत्रात मात्र जिथे बरोबरी असेल तिथेच ठाण मांडतात. तुमचा सामना दोनदा लागला. मी कान लावून बसलो, पण तुझं नाव काही आलं नाही. दुकानवाल्या उर्पोने विचारलं, तुमचा मुलगा तिकडे खेळतो की पाण्याच्या बाटल्या भरतो. मी म्हटलं, दोन्ही करत असेल, आळशी नाही तो.

मनाला लावून घेऊ नकोस. नाव नाही आलं तरी मी रेडिओ बंद करत नाही. तेवढीच घरात माणसांची वर्दळ वाटते. तू गेल्यापासून दाराशी एकच बुटांचा जोड असतो, आणि तो माझाच आहे हे मला दर खेपेला नव्याने कळतं.

लेंपीबाईंना नमस्कार सांग, अंडी खात जा, आणि बाबाची आठवण ठेव.

तुझा
बाबा

*

पिर्तिवारा, २१ नोव्हेंबर १९९३

चि. यार्को यास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

आलं. तुझं नाव आलं. काल शेवटचं सत्र, दोन्हीकडे दोन-दोन गोल, निवेदक तुमच्याकडेच बसलेले. आणि एकदम म्हणाला, यार्को केम्पाइनेन, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल दोन मिनिटं बाहेर. वर असंही म्हणाला की हा पिर्तिवाराचा तरुण मुलगा. आपल्या गावाचं नाव रेडिओवर वादळाची सूचना सोडली तर कधी आलेलं मला आठवत नाही.

मी उभाच राहिलो. मुस्ती भुंकायला लागली. नंतर कॉफी केली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला गोड पाव कापला. पाहुणे कोण, तर मीच. शिक्षा झाली ते वाईट, पण तुमच्यावर गोल झाला नाही ना, मग सोडून दे. धरलंस म्हणजे तिथे होतास. आज सकाळी काही घ्यायचं नसताना दुकानात गेलो आणि उगाच उभा राहिलो. उर्पोने स्वतःहून विषय काढला. पहिल्यांदाच त्याने मला कॉफीचे पैसे लावले नाहीत.

किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं, बाळा. तू दोन मिनिटं त्या बाकावर बसलास आणि मला वाटलं, इथेच टेबलाशी बसला आहेस.

पुढच्या सामन्याची वाट पाहतो. प्रकृतीला जप.

तुझा
बाबा

*

कोत्का, २८ नोव्हेंबर १९९३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असं पत्र तुम्ही आईलाही कधी लिहिलं नसेल. तुम्ही हसलात हे कागदावरूनही कळत होतं.

इथे समुद्र अजून गोठलेला नाही, नुसता काळा दिसतो. पाऊस आणि चिखल. मुलं सरावानंतर घोळक्याने गावात जातात. मला ये म्हणतात, पण गेलो तरी मी टेबलाच्या कोपऱ्यात. त्यांना सगळ्यांना एकमेकांच्या शाळा माहीत आहेत, मास्तर माहीत आहेत. मी हसायचं तेव्हा हसतो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, रविवार फार मोठा असतो.

मोठ्या संघात आता मला जरा जास्त वेळ मिळतो. प्रशिक्षकांनी मान हलवली, म्हणजे कौतुक केलं. गुरुवारी रेडिओ लावून ठेवा. शेवटच्या सत्रात विशेष लक्ष द्या.

आपला लोभ आणि कान, दोन्ही इकडे असू द्या.

तुमचा
यार्को

*

कोत्का, १९ डिसेंबर १९९३

श्री. तौनो केम्पाइनेन यांस,
लेंपीचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते. मी परकी बाई, मध्ये पडायचं मला कारण नाही. पण मुलगा माझ्या घरी जेवतो, आणि गेले काही दिवस तो जेवत नाही.

गुरुवारी प्रशिक्षक रौतिओ माझ्याकडे आले होते. तीन कप कॉफी पिईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, एवढा शांत पोरगा, पण ऐन मोक्याच्या वेळी याला होतं काय? सामना बरोबरीत आला की हा उगाच कुणाला तरी धरतो, काठीत काठी अडकवतो आणि बाहेर जाऊन बसतो. दोन सामने त्याच्यामुळे हातचे गेले. मुलं त्याच्याशी बोलेनाशी झाली आहेत. तापट म्हणावा तर चेहऱ्यावर राग नाही. परत ज्युनियर संघात धाडावं आणि करार तेरोला द्यावा, असं त्यांच्या मनात येत होतं. मी म्हटलं, महिनाभर थांबा. ते म्हणाले, बघू.

मी यार्कोला विचारलं, तर गप्प. तुमच्याकडची माणसं गप्पच असतात का हो? पण एक सांगते. सामन्याला निघताना तो मला दर वेळी विचारतो, मावशी, इथला रेडिओ उत्तरेत आमच्याकडे नीट ऐकू येतो ना? पहिल्यांदा मला वाटलं हवामानाचं काही असेल. तुमचं नोव्हेंबरचं पत्र त्याच्या उशाशी असतं. मी ते वाचलेलं नाही, पण घडीवर फाटायला आलंय ते दिसतं. माझी मुलगी ऑस्ट्रेलियात आहे. तिनं माझ्यासाठी असलं काही केलं तर मला आवडेल की रडू येईल, हे मला सांगता येत नाही.

ख्रिसमसला त्याला सुट्टी नाही, दुसऱ्याच दिवशी सामना आहे. मी त्याला एकटा बसू देणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. आगाऊपणाबद्दल रागावू नये, ही विनंती.

आपली
लेंपी

*

पिर्तिवारा, २७ डिसेंबर १९९३

चि. यार्को यास,
अनेक आशीर्वाद.

ख्रिसमसच्या संध्याकाळी कब्रस्तानात जाऊन आलो. आईसाठी मेणबत्ती लावली, तुझ्या वाटणीची दुसरी शेजारी लावली. वारा होता, पण विझल्या नाहीत. सगळं गाव तिथेच होतं. सगळ्यांनी एकमेकांना माना डोलावल्या आणि घरी गेले.

एक वाईट बातमी आहे. रेडिओ बिघडला. नुसता खरखरतो. कायानीच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणतो हा तुमच्यापेक्षा म्हातारा आहे, याचे भाग मिळत नाहीत. नवा मी घेणार नाही, मला त्या नव्या बटणांचा कंटाळा आहे. तेव्हा यापुढे तुझे सामने मला ऐकता येणार नाहीत. निकाल काय तो उर्पोकडून कळेल, तेवढा पुरे.

तर आता इकडचा विचार करायला नको. जसं खेळता येतं तसं खेळ. प्रशिक्षकाचं ऐक. कुणाला धरू नकोस.

मी ठीक आहे. मुस्तीही ठीक आहे.

तुझा
बाबा

*

कोत्का, ६ फेब्रुवारी १९९४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोन केला तो हे सांगायला. मी हं म्हणालो, तुम्ही हं म्हणालात, आणि मग मावशींनी हात हलवून बिलाची आठवण केली. म्हणून लिहितो. करार मला दिला आहे. दोन वर्षांचा. प्रशिक्षक म्हणाले, जानेवारीभर तू बर्फावर होतास हे मला सामना संपल्यावर आठवायचं, म्हणजे तू चांगला खेळत होतास. तेरोने हात मिळवला. त्याची आई रडली, आणि रडता रडता तिनं माझंही अभिनंदन केलं.

कागद माझ्या खोलीत आहे. शुक्रवारी सही करून द्यायचा आहे. मी अजून केलेली नाही.

बाबा, रागावू नका. पूर्वी बर्फावर उतरलो की वाटायचं, पलीकडच्या टोकाला आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी कान लावून बसलंय. रेडिओ बिघडल्यापासून तिथे कुणी नाही. आता मी बाहेर बसावं लागेल असं काही करत नाही, करून उपयोग काय? सगळे म्हणतात छान खेळतोस. मला काही वाटत नाही. सामना संपतो, तेरोचे आईवडील त्याला घेऊन जातात, मी समुद्राच्या कडेने मावशींकडे येतो. वाटेत कुणाला सांगायचं काही नसतं. असं दोन वर्षं करायचं म्हटलं की मी तो कागद पुन्हा घडी घालून ठेवतो.

तुम्ही तिकडे एकटे, मी इकडे एकटा, हे कशासाठी चाललंय ते मला कळत नाही. बर्फाच्या गाडीवर दुसरा माणूस लागतच असेल. तुम्ही ये म्हणालात तर मी शुक्रवारी सही करायच्या ऐवजी बस पकडतो.

वाट पाहतो. लोभ तर असावाच, या वेळी उत्तरही लवकर असावं.

तुमचा
यार्को

*

पिर्तिवारा, ८ फेब्रुवारी १९९४

चि. यार्को यास,
बाबाचे आशीर्वाद.

हे पत्र सकाळच्या गाडीने जावं म्हणून बर्फाची गाडी टपालाच्या दारात उभी करून लिहितो आहे. मागे तीन मोटारी खोळंबल्या आहेत. खोळंबू देत.

रेडिओ बिघडलेला नव्हता. लेंपीबाईंनी मला लिहिलं होतं. त्यांच्यावर चिडायचं नाही, त्यांच्याइतकी शहाणी बाई मी पाहिलेली नाही. तू माझ्यासाठी त्या बाकावर जाऊन बसत होतास हे वाचलं आणि त्या दिवशी मला गाडी चालवता येईना. नाव ऐकायची हौस माझी, आणि किंमत तू मोजत होतास. नको करूस असं सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, हट्टी आहेस, माझ्यावर गेलायस. म्हणून खोटं बोललो.

तेव्हापासून तुझा एकही सामना मी सोडलेला नाही. उर्पोही येतो, घरून केक आणतो, नाहीतर मी त्याला दार उघडत नाही. आम्ही दोघे शेवटच्या सत्रात श्वास रोखून बसतो, की तुझं नाव येऊ नये. आलं नाही की उर्पो टेबलावर मूठ आपटतो. जानेवारीत माझे कप त्याने फोडलेत.

आता घरी येण्याबद्दल. बर्फ काढायला दुसरा माणूस नको आहे. मला तू हवा आहेस, ती गोष्ट निराळी. घर रिकामं आहे, फार रिकामं आहे, ते लपवून काय करू? पण ते भरायला तू परत यावंस असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात ये. महिनाभर राहा, आणि जाताना रडू नकोस, मीही नाही रडणार. तिकडच्या रविवारी मावशींना कुठेतरी फिरायला ने. त्याही एकट्या आहेत आणि त्यांना बोलायला आवडतं, तुला ऐकता येतं.

शनिवारचं सांगतो आणि थांबवतो, मागचा मोटारवाला भोंगा वाजवतोय. शेवटचं सत्र, दोन-दोन, प्रतिस्पर्धी सगळे तुमच्या गोलासमोर जमलेले, निवेदक घसा फोडून ओरडतोय, आणि एकदम म्हणाला, कुणीतरी चकती बाहेर काढली. उर्पोने मला विचारलं, कुणी काढली? मी म्हटलं, आमच्या यार्कोने.

सही कर.

तुझा
बाबा