ती गात राह्यली

रवि. ११ जाने.
शाहीनसोबत अंबडला गेल्ते. ती आमच्या बियाणं कंपनीतली, माझ्याच लॅबमधली. तिच्या भावाच्या कॉलेजात जुना ब्लॅक अँड व्हाइट पिच्चर होता. जायचा कंटाळा केल्ता. बरं झालं गेले.
खेड्यातली पोरगी गाणं शिकायला शहरात जाते. तिच्यावर जीव असलेला मास्तर म्हणतो, जा, मी हाय. ती एकेक वर्ष वाढवत जाते, लई मोठी होते. शेवटी त्याच्याच गावात तिचा कार्यक्रम. तो मागच्या रांगेत, बाजूला बायको, मांडीवर लेकरू. तो दिसतो अन् ती शब्दच विसरते. पेटीवाला हळूच सांगतो, मंग परत गाते. मधेच लेकरू रडायला लागतं म्हणून तो उठून बाहेर जातो. एवढंच! ती गात राह्यते. माझी नजर तिच्या तोंडावरून हललीच न्हाई.
माझ्या जन्माआधीचा पिच्चर. त्या लोकांना कसं माहीत हे सगळं?
शाहीन म्हणे, "म्याडम, रडून राह्यल्या का?" रडत नव्हते. थक्क झाल्ते.

सोम. १२
हैदराबाद हेड ऑफिसचा मेल परत वाचला. संशोधन विभाग सांभाळायला या, वीसच्या आत कळवा. ह्याच्यासाठीच तर सगळं केलं. सत्तेचाळीसची झाले.
दुपारी बियाण्याच्या प्लॉट तपासणीची यादी आली. केदारखेडा, मिरची, दत्ता. आमच्या गावचा दत्ता. मी परभणीला शिकायला निघाले तेव्हा "मी थांबतो" म्हणल्ता. तीनदा "अजून एक वर्ष" लिहिलं त्याला. चौथ्यांदा "थांबू नको".
सहा वर्षं त्याच्या प्लॉटवर दुसऱ्यालाच धाडते. आज माझं नाव टाकलं.

गुरु. १५
केदारखेडा. शेडनेटमध्ये शिरले अन् पाय थांबले. माझं वाण. अकरा वर्षं लागली बनवायला, ते असं कमरेएवढं, ओळीनं, सगळं फुलात. कागदावर रोज बघते, पण हे…
दत्ताची बायको रेखा चिमट्यानं एकेक फूल उघडून पराग लावत होती. इतका हलका हात माझा पण न्हाई.
दत्ता म्हणला, "हे वाण तुझं हाय, पहिल्याच साली कळ्ळं. मंग दुसरं लावलंच न्हाई." मान वर केली न्हाई त्यानं.
रेखा पाण्याला गेली तेव्हा विचारलं, राग होता का?
"होता ना. दोन पावसाळे. मंग बैल आजारी पडला, त्याच्यात राह्यलं."
दोघं पण हसलो. हैद.चं सांगितलं. जाऊ का म्हणलं.
"तू मला विचारून कधी गेल्ती?"
रेखानं तिळगूळ दिला. रविवारी तोच पिच्चर जालन्यात हाय, या म्हणलं. ती म्हणे, "येतो की. ह्यांनी तुमचं बरंच सांगितलंय."
बरंच म्हणजे किती?

शुक्र. १६
अहवाल. प्लॉट पास, बिलकुल भेसळ न्हाई. बाकी कशात मन न्हाई.

रवि. १८
आले दोघं. रेखा माझ्या बाजूला, पल्याड दत्ता.
वाटल्तं, दुसऱ्यांदा एवढं न्हाई वाटायचं. पण आज मागच्या रांगेतली ती बायकोच पाहत बसले. नवरा लेकरू घेऊन बाहेर गेल्यावर ती एकटीच गाणं ऐकते, सगळं विसरून. गेल्या रविवारी मला ती दिसलीच नव्हती! समोर असून.
नंतर बसस्टँड. दत्ता भोकरदन गाडीची चौकशी करायला गेला. रेखा म्हणली, "ताई, एक विचारू? तुम्ही माघारी आल्या असत्या, तर मी कुठं असते?"
रागानं न्हाई. खरंच नवल वाटल्यासारखं.
गाडी लागली. दत्ता जागा धरायला पळाला. रेखा पण पिशवी घेऊन चढली. खिडकीतून हात केला दोघांनी.
उद्या एकोणीस, शेवटचा दिवस. हैद.ला अजून कळवलं न्हाई.