गाणं बंद करू नका

सोमवार

पोचले एकदाची! घर रस्त्याच्या टोकाला आहे, दुमजली, ऐसपैस. दार उघडणाऱ्या वहिनींनी आधी माझ्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मेकॅनिक येणार म्हटलं की लोक माझ्यामागे पुरुष शोधतात, आता सवय झालीय. हत्यारांची पेटी उचलून दाखवली तेव्हा त्यांना हसू आलं.

घरात दोनच माणसं, वहिनी आणि त्यांचे म्हातारे सासरे. त्यांना मी आजोबाच म्हणणार आहे. वहिनींचे यजमान कामासाठी परगावी असतात. मला दुरुस्त करायचाय तो अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच हौसेने बनवलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा, दोघांनाही उचलवणार नाही इतका जड. म्हणून तर मला इथे राहून दुरुस्त करायला बोलावलं. प्रत्येक खोलीत त्याचा स्पीकर आहे, अगदी स्वयंपाकघरातही. दिवसभर बारीक आवाजात बासरी चालू असते. डाव्या बाजूला खरखर येते, एवढंच दुखणं. किरकोळ काम आणि वर गाणं फुकट! धाकट्या बहिणीला फोन करून चिडवलं, बघ माझे कसे लाड चाललेत.

मंगळवार

वहिनींशी पहिली खडाखडी झाली. त्या म्हणाल्या, प्लग न काढताच दुरुस्त करा. मला आधी थट्टाच वाटली. बाबांनी मला सोल्डरिंगच्या आधी हे शिकवलं होतं: प्लग काढायचा, मग कपॅसिटर रिकामे करायचे, कारण प्लग काढला तरी त्यांच्यात माणूस आडवा करण्याइतकी वीज साठलेली असते. मीटर शून्यावर आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. वहिनींना हे सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, आधीचा मेकॅनिक चालू ठेवूनच करायचा. म्हटलं, मग त्यालाच बोलवा. यावर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटी तयार झाल्या, पण थोडाच वेळ. प्लग काढला आणि घर एकदम सुनं झालं. मी झाकणाचे स्क्रू सोडवत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. वहिनींनी धावत जाऊन प्लग परत खुपसला! वर कोण राहतं, असं विचारलं. कोणी नाही म्हणाल्या, वरचा मजला बंदच असतो.

मग खुर्ची काय आपोआप सरकली?

बुधवार

आज थोडक्यात वाचले.

अ‍ॅम्प्लिफायरची तार भिंतीतल्या भोकातून पलीकडे, घरातल्याच जिन्याजवळच्या बोळात जाते. प्लग तिकडे, मी इकडे. वहिनी आंघोळीला गेल्याचं पाहून मी प्लग काढला आणि त्यावर 'काम चालू आहे, लावू नये' अशी चिठ्ठी बांधली. कपॅसिटर रिकामे केले, झाकण काढलं. आत पाहिलं तर चार वेगवेगळ्या हातांचं सोल्डरिंग दिसलं. एकाचं गोळ्यागोळ्यांचं, एकाचं सुबक, एकाने तर नुसतं थापलंय. हात ओळखू येतात, अक्षर ओळखावं तसे. आणि चौघांचंही काम अर्धवट. वहिनी तर एकाच मेकॅनिकबद्दल बोलल्या होत्या.

आत हात घालण्याआधी, केवळ सवयीने, पुन्हा मीटर लावला. काटा उसळला. बोळात धावले. प्लग लावलेला, चिठ्ठी खाली चुरगळून पडलेली. वहिनी ओल्या केसांनी तिथेच उभ्या. म्हणाल्या, चुकून झालं.

चुकून चिठ्ठी चुरगळते?

गुरुवार

सकाळी वहिनी बाजारात गेल्या. आजोबांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि मनगट पकडलं. म्हणाले, "पोरी, मुलगा परगावी नाही. त्या मशीनमध्ये हात अडकून जीव गेला त्याचा. चालू मशीनमध्ये." पुढे काही सांगणार तोच फाटक वाजलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, झोपल्याचं सोंग.

म्हणजे नवऱ्याच्या वेळीही प्लग हिनेच लावला असणार. मग त्या चार मेकॅनिकचं काय केलं? आज तिने चहा आणून दिला, तो मी खिडकीतून ओतून दिला. माझ्याकडे बघून इतकी गोड हसते की अंगावर काटा येतो.

उद्या निघायचं. पण मशीन असं सोडून जाणार नाही. माझ्यानंतर कोणाचा तरी जीव जाईल. जाण्यापूर्वी तारच कापून टाकते, म्हणजे प्रश्न मिटला.

शुक्रवार, सकाळ

बॅग भरली. प्लग काढला, पकडीने तार कापली, प्लग खिशात टाकला. बासरी थांबली.

वहिनी धावत आल्या. तुटलेली तार पाहिली आणि मटकन खाली बसल्या. मला वाटलं अंगावर येतील, पण त्या माझे पाय धरून रडायला लागल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला मारत नव्हते हो. तो खाली येऊ नये म्हणून लावत होते."

नवरा मशीनला चिकटला तेव्हा त्यांनीच धावत जाऊन प्लग ओढला होता. पण उशीर झाला होता, श्वास थांबला होता. गाणंही थांबलं. आणि गाणं थांबल्यावर तो उठून बसला. त्यांनी भीतीने प्लग परत लावला, तेव्हा तो जिना चढून वर गेला. गाणं चालू असेपर्यंत वरच बसतो. त्या चौघा मेकॅनिकांनी प्लग काढला होता आणि तो खाली आला होता. सगळं आधी सांगितलं असतं तर कोण आलं असतं, असं मलाच विचारत होत्या.

मी त्यांना वेडी म्हणाले. तोंडावर.

तेवढ्यात वर खुर्ची सरकली.

नंतर

वहिनी आजोबांना घेऊन बाहेर पळाल्या. कडी बाहेरून लावली — हाका मारल्या, उघडत नाहीत. बाहेरून रडण्याचा आवाज येतोय. खिडक्यांना गज. फोनवर धाकटी म्हणाली, निघते — कधी पोचणार ती?

वर कोणीतरी चालतंय. सावकाश. एक पाय ओढत.

प्लग परत जोडायला तार सोलतेय. हात इतका कापतोय की पकड सुटते. एक ओळ लिहिली की जरा स्थिर होतो — म्हणून लिहितेय.

जिन्याचं दार उघडलं.

एक तार बसली. दुसरी — स्क्रू पडला, सापडला —

बसली. प्लग लावला. मशीनचा दिवा लागला! पण आवाज नाही. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज येत नाही, तेवढा वेळ लागतोच — मला माहीत आहे, लागतोच —

पावलं जिन्यावर. करपल्याचा वास.

व्हॉल्व्ह लालसर होताहेत. स्पीकर अजून मुका —

जिना संपला. बोळात आहे. भिंतीपलीकडे, जिथे प्लग —

लाल झाले. आता येईल, आता बासरी —

दिवा गेला. त्याने प्लग काढ