समितीचं जेवण

१९ मे १९९८, मोखाडा
सरांचा फोन. फेलोशिप देणारी समिती पुढच्या मंगळवारी येतेय. माझ्या पीएच.डी.चं पुढचं सगळं त्यांच्या हातात. म्हणाले, "एखादं चांगलं घर दाखव." चांगलं म्हणजे? विचारलं नाही. विषय डोंगरातली पिकं आणि पोरांची तब्येत, म्हणजे पोशेऱ्याच्या जानीचंच घर. नाचणी, वरई, उडीद, सगळं स्वतःचं. बीसुद्धा घरचं.

२० मे
पोशेरा. जानीला म्हटलं, मुंबईचे पाहुणे येतील, नाचणीची भाकरी खातील. ती नवऱ्याकडे बघत राहिली. नवसू म्हणाला, "येवू दे." बुधी तिच्या कडेवर. दीड वर्षाची, दिसते सहा महिन्यांची.

२६ मे
समिती जेवली. भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. एक बाई म्हणाल्या, "इतका सकस आहार! मग इथे कुपोषण कसं?" अजून एक भाकरी मागून घेतली. बुधी मागच्या अंगाला रडत होती. सर खूश.

२९ मे
बुधीचं वजन उतरलंय. वाटीत रेशनच्या तांदळाची पेज, नुसतं पाणी. नाचणीची आंबील का नाही म्हटलं.
"नाचणी होळीलाच सरली, बाई."
"मग मंगळवारी?"
"ती बीची होती, पेरायला ठेवलेली. पाव्हण्यांना नाय कसा सांगू? तूच आणलंस ना त्यांना."
बुधी पेज ओठांवरून सांडत होती.

६ जून
बी कुठेच नाही. मोखाड्याच्या दुकानात भाताचं आहे, नाचणी कोण ठेवतो? साखरशेतला गेले. एका म्हातारीने ओंजळभर दिलं, वर म्हणाली, "ही खालचे जमिनीची. डोंगरउतारावर, वरकशीवर नाय व्हायची." तरी जानीला नेऊन दिलं. "पेरू," म्हणाली. बघितलंही नाही.

१५ जून
बुधीला जुलाब. कालपासून मोखाड्याच्या दवाखान्यात, सलाईन लावलंय. जानी खाली फरशीवर बसून.
तिथूनच एसटीडी बूथवर जाऊन सरांना फोन. फेलोशिप मंजूर! पण समितीचं म्हणणं, इथला आहार उत्तम आहे. कुपोषणाचा भाग गाळा, नाचणीला शहरात गिऱ्हाईक कसं मिळेल ते बघा. बुधीचं सांगितलं.
सर म्हणाले, "ते वाईटच. पण तू भांडू नकोस. पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळव."
आईला अजून कळवलेलं नाही. ती पेढे वाटेल.

२० जून
नवसूला भिवंडीत गोदामात हमाली मिळाली. सकाळी जानी आणि बुधीला न्यायला आला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस ठेवा, पोरगी सावरलेली नाही. मीही म्हटलं.
"थांबून खायाचा काय? डोंगर मोकळाच हाय औंदा."
जानी पोरीला पदरात घेऊन जीपमध्ये मागे बसली. बुधीचे डोळे उघडे होते.
भिवंडीत कुठे, ते त्यांनाही माहीत नाही.
दुपारी बूथवर गेले. सरांचा नंबर फिरवला, वाजायच्या आत ठेवला. परवा सोमवार.