फाटकावरची जागा

देवगाव रंगारी, १४ एप्रिल १९८२

चि. सौ. आवडास येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांडूरावांची जखम भरत आल्याचं कळलं. चार बोटं मात्र परत येणार नाहीत. दोर वळणारा तो हात. आणि तो धंदा सोडवून तुझ्या नवऱ्याला कारखान्यात मीच धाडलं. विकास येतोय, म्हणालो! उत्पादन वाढावं म्हणून प्रेस यंत्राची हात वाचवणारी जाळी कोणी काढली, हे मी एक मे रोजी, संत योसेफ कामगाराच्या सणाला, तुमच्या चर्चमध्ये मॅनेजरच्या देखत विचारणार आहे. भांडवलापेक्षा राबणारा माणूस मोठा, असं पोपसाहेबांनी गेल्याच वर्षी साऱ्या जगाला लिहून कळवलं. मग माझ्यासारख्या धर्मशिक्षकानं गप्प का बसावं?

लोभ असू दे, रागही असू दे.
तुझा दादा, बद्रीनाथ

चिकलठाणा, २२ एप्रिल

ती. दादांस आवडाचा सा. न.

पत्र यांना वाचून दाखवलं. दादाला माइकबी पुरत नाय, म्हणून हसले. लई दिवसांनी हसले. पण काल मॅनेजर घरी आला होता. खाटेवर बसून चहा प्याला. तुमचे मेव्हणे सणाला नुसती प्रार्थना घेतील तर फाटकावर पहारेकऱ्याची जागा देतो, म्हणाला. दादा, दोर वळायला आता बोटं नायत, आणि पोरी तीन. तुमचं खरं आहे. तरी एवढ्या बारीला गप बसा. पदर पसरते.

आवडा

देवगाव रंगारी, ३ मे

चि. आवडास आशीर्वाद.

गप्प बसलो. तू पाहिलंसच. अर्पणाच्या वेळी ज्यानं त्यानं आपलं अवजार वेदीवर आणलं; गवंड्यानं थापी ठेवली, भागूबाईनं विळा. सांडूराव रिकामे आले. कारखान्यातलं अवजार मालकाचं, ठेवणार काय? त्यांनी वेदीवर तो हात टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी प्रार्थनेचं पान उलटलं. पहिल्या बाकावरच्या मॅनेजरनं जाताना माझा हात प्रेमानं दाबला. तेवीस वर्षं बोलतोय, पण इतकं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो. सांडूरावांच्या प्रेसवर आता बन्सी आहे. जाळी बसवली का, हे त्याला विचारायचं धैर्य झालं नाही.

बद्रीनाथ

चिकलठाणा, १९ जून

ती. दादांस सा. न.

जाळी बसवली नव्हती. काल यांनी फाटक उघडलं ते बन्सीला दवाखान्यात न्यायच्या जीपसाठी. त्याचा हात गोणपाटात गुंडाळलेला. आज नळावर त्याच्या बायकोनं, द्वारकानं, नुसती माझी घागर बाजूला सरकवली.

यांनी पहाऱ्याची टोपी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली अन् घरी आले. तुम्हाला गप मी बसवलं, दादा. रविवारी या. पहिल्या बाकावर आम्ही दोघं बसतो.

लोभ आहेच, आता बोलणंही असू द्या.
आवडा